कागदाखालचा अंगठा

४ मार्च

लंबू,

हा पत्ता मला कुठून मिळाला ते विचारू नकोस. तुझ्या आईला तर मुळीच विचारू नकोस. ती तुझी पाकिटं शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवते आणि तिला वाटतं, म्हाताऱ्याला बटणांशी काय देणंघेणं. मी पास कचेरीत एकतीस वर्षं काढली. येणाऱ्या प्रत्येकाचा अंगठा हातात धरायचा, शाईच्या पाटीवर फिरवायचा आणि त्याच्या फिरण्याच्या पासावर दाबायचा. हात धरला की माणूस काय लपवतोय ते कळतं. बटण शोधणारी बाई डबा मांडीवर घेऊन बसते. तुझी आई भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

तर तू तिला लिहितोस. सहा वर्षं लिहितोस, तिच्या भावाच्या शिलाईच्या दुकानाच्या पत्त्यावर. दर गुरुवारी ती 'भावाकडे जाऊन येते' म्हणायची तेव्हाच मला कळायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. मला मात्र एक ओळ नाही. असो. मी रागावलेलो नाही. एका थपडेचा राग तू इतकी वर्षं धरून बसला असशील असंही मला वाटत नाही. बाप मुलाला मारतो. माझ्या बापाने मला मारलं होतं, आणि माझा गुन्हा तर तुझ्यापेक्षा पुष्कळ लहान होता.

मुद्द्याचं लिहितो. तुरुंगातून सुटलास त्या दिवशी दरवाज्यात तू माझ्याशी एकच वाक्य बोललास. 'घरातल्याच माणसाने सांगितलं, बाबा. कोणी, ते तुम्हीच बघा.' आणि पिशवी उचलून स्टेशनकडे चालू लागलास. मी मागून आलो नाही. भर रस्त्यात मुलाच्या मागे धावणारा बाप मी नव्हे. पण बघा म्हणालास, म्हणून मी बघत राहिलो.

साबणाच्या कारखान्यामागची खोली, गुरुवारची वेळ, तुम्ही सात जण आणि साहेबाच्या राज्याविरुद्ध शिकवायला मास्तर. एवढं सगळं कचेरीतल्या साहेबाच्या कानावर घालणारा माणूस घरातला, हे तुझं म्हणणं मला पटलं. मला स्वतःला तर त्या खोलीचा पत्ताही ठाऊक नव्हता. मग उरलं कोण? तुझा मामा. तुला पकडल्यावर दोन महिन्यांत पोलिसांच्या खाकी पँटी शिवायचं काम त्याला मिळालं. मशीन एक होतं, तीन झाली. मी फक्त चार माणसांत एवढंच म्हटलं की बाबांनो, धूर दिसतोय तर आग असेलच. पुढचं लोकांनी केलं. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याला मी काय करणार? मास्तर तुरुंगातच वारले, त्यांच्या बायकोचं कपाळ कोणी पुसलं ते लोक विसरत नाहीत.

आता साहेब लोक त्यांच्या देशी गेले. दोन वर्षं झाली. पास कचेरीला कुलूप लागलं आणि जुन्या फायली रद्दीत निघाल्यात. आमचे चष्मेवाले कारकून त्या निवडायच्या कामावर आहेत. तुझ्या फायलीत खबऱ्याचा जबाब असणार, आणि जबाबाखाली अंगठा असणार. आपल्या माणसाला सही येत असली तरी साहेब अंगठाच घ्यायचे, हे तू विसरला नसशील. तो अंगठा एकदा हाती आला की तुझा मामा माझ्या हातात आला. मग तू घरी ये.

तुझे बाबा


१७ मार्च

लंबू,

उत्तर नाही. पत्र पोचलं हे मला माहीत आहे, कारण तुझी आई परवापासून शिवणाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावते. आम्ही दोघं त्या कुलपाकडे बघत चहा पितो.

कागद मिळाला. कारकून देताना कां-कूं करत होते. म्हणाले, 'शाईवाले, कशाला उकरता? झालं ते झालं.' मी विचारलं, तुम्हाला एवढी काळजी का? तेव्हा चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. त्यांच्यावरही नजर ठेवायला हवी.

कागद साहेबाच्या भाषेत टाइप केलेला आहे. नऊ ओळी. कारकुनांनी वाचून दाखवला. खोली, वार, सात जण, मास्तरांचं नाव, तुझं नाव. खबऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'विश्वासू इसम'. आणि खाली अगदी कोपऱ्यात अंगठा. मध्ये कागदाची एक तिरकी घडी पडलीय, पण बाकी रेघा स्वच्छ. शाई आपल्याच कचेरीची, तो निळसर काळा रंग मी झोपेतही ओळखेन.

आता मामाचा अंगठा मिळवायचा होता. सरळ मागितला असता तर दिला असता का? चोराला कोणी किल्ली मागतं? म्हणून मी त्याच्या दुकानात गेलो. सहा वर्षांनी पायरी चढलो. त्याने मशीन थांबवलं नाही. नुसतं म्हणाला, 'या भाऊजी. कोट का?' मी म्हटलं, हो, कोटाचं अस्तर. घरून निघताना कोटाचं अस्तर मी स्वतः फाडून घेतलं होतं. त्याने ते हातात घेऊन बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'हे उसवलेलं नाही, ओढलेलं आहे.' शिंप्याला अस्तर कळतं म्हणून खबऱ्या नसतो असं थोडंच आहे.

मी खिशात काजळी फासलेला पत्र्याचा तुकडा नेला होता. तो कात्रीजवळ ठेवला. तो उचलणार, बोट काळं होणार, मग माझ्या कोऱ्या पावतीवर उमटणार, असा बेत होता. त्याने पत्रा बघितला. माझ्याकडे बघितलं. मग मशीन थांबवून त्याने अंगठा पत्र्यावर नीट फिरवला, डावीकडून उजवीकडे, अगदी मी शिकवल्यासारखा, आणि पावतीवर दाबून ती माझ्यापुढे सरकवली. 'डावा पण हवा का?' म्हणाला. मी डावाही घेतला.

एवढा निर्ढावलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. घरी जाऊन भिंग काढतो.

तुझे बाबा


२६ मार्च

लंबू,

मामाचा नाही.

तीन दिवस बघितला, उन्हात धरून बघितला. मामाच्या अंगठ्यावर रेघांचा भोवरा आहे, जबाबावर कमान. भोवऱ्याची कमान होत नाही. तेव्हा तो नाही, एवढं मी लिहून ठेवतो. पण याचा अर्थ तो निर्दोष असा होत नाही. स्वतः न जाता दुसऱ्याला पाठवलं असेल.

मग मी डोकं चालवलं. त्या घरात खोलीचं माहीत असणारं आणखी कोण होतं? रागावू नकोस. बाप म्हणून नाही, कामाचा माणूस म्हणून लिहितोय. एक माणूस माझ्यासमोर रोज दोन वेळा बसत होतं. तुझी आई. तिला तू त्या मास्तरांपासून सुटावंस असं वाटत होतं, ते ती बोलूनही दाखवायची. आईची माया कधी काय करेल सांगता येत नाही. सोमवारी तिच्या हातात मी चहाचा कप दिला, कपाच्या कानाला थोडी काजळी लावून.

ती कप धरून उभी राहिली. अंगठा बघितला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, 'माझा पण?'

मी कपाकडे हात नेला.

'कुठाय तो कागद? आणा इकडे.'

मी आणला. खोटं कशाला सांगू, तिचा आवाज तसा होता. तिने कागद खिडकीशी नेला. भिंग घेतलं नाही, चष्माही लावला नाही. जेमतेम भाजीवाल्याकडचा टोमॅटो बघावा एवढा वेळ बघितलं असेल.

'हा तुमचा आहे,' म्हणाली.

मी हसलो. हसण्यासारखंच होतं. तिने माझा उजवा हात धरला आणि अंगठा वर केला. 'ही तिरकी रेघ. डब्याचं झाकण उघडताना कापलं होतं, लेक तीन वर्षांचा होता. लग्न झाल्यापासून हा अंगठा मी दारावरून, कपांवरून, उशीच्या अभ्र्यांवरून घासत आलेय. मला कोण काय सांगणार? त्यालाही तेव्हाच कळलं होतं. चौकशीत कागद त्याच्यापुढे ठेवला त्याच दिवशी.'

मला ती कागदाची घडी वाटली होती, लंबू. नऊ दिवस भिंगातून मी तिला घडी समजत होतो. लाखांनी अंगठे माझ्या हाताखालून गेले आणि स्वतःचा मी एकदाही बघितला नव्हता. कोण बघतं?

पण मी कुठलाही अंगठा दिलेला नाही. कोणत्याही जबाबावर नाही. तुझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगायला गेलो तर ती बाजूला झाली.

यात कोणाचा तरी डाव आहे. शोधून काढतो.

बाबा


२ एप्रिल

चिरंजीव,

सापडलं. आता तुला माझी माफी मागावी लागेल. बापापुढे मान खाली घालायला कमीपणा वाटत असेल तर पत्राने माग, चालेल.

नीट वाच. रोज सकाळी मी पाटीवर नवी शाई घोटायचो. फार ओली असली तर रेघा भरून जातात, म्हणून पहिला माणूस बोलावण्याआधी गठ्ठ्यातल्या वरच्या कोऱ्या कागदावर, खालच्या कोपऱ्यात, मी स्वतःचा अंगठा दाबून बघायचो. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नसेल. तो कागद फेकायचा नाही असा साहेबाचा हुकूम. तो टाइपिस्टच्या टेबलावर जायचा, किरकोळ मजकुरासाठी. म्हणजे माझा अंगठा असलेले कोरे कागद कचेरीत ढिगाने पडलेले होते. साहेबाला खबऱ्याचा अंगठा हवा होता, त्याने त्यातला एक ओढला आणि वर हवं ते टाइप करून घेतलं. कोपऱ्यात आहे तो अंगठा. जबाबाचा अंगठा मधोमध घेतात, ओळीखाली. एवढं साधं तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

कारकुनांना पकडलं. आधी नाही-नाही म्हणाले, मग कबूल झाले की तसा एक कागद टाइपिस्टच्या हातात त्यांनी पाहिला होता. 'तेव्हाच का नाही बोललात?' विचारलं तर म्हणाले, 'शाईवाले, नोकरी तुम्हालाही होती आणि मलाही.' म्हणून चष्मा पुसत होते बघ. माझा संशय खोटा नव्हता.

तर नऊ वर्षं तू बापाला गद्दार समजत आलास, एका वाया गेलेल्या कागदावरून. तुझ्या आईनेही तेच समजून माझ्या पानात जेवण वाढलं. मी हे सगळं तिला समजावून सांगितलं, दोनदा. टेबलावर कागद ठेवून अंगठा कसा दाबायचो ते करून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं.

मग म्हणाली, 'अंगठा कसा आला ते कळलं. वरच्या नऊ ओळी कशा आल्या?'

मी म्हटलं, ते साहेबाला विचार.

'साहेबाला साबणाची खोली स्वप्नात दिसली?' ती म्हणाली. 'तुम्ही म्हणता, तुम्हाला ठाऊकच नव्हती. त्याला नेलं त्याआधीच्या गुरुवारी तुमच्या बुटांना साबणाचा पांढरा चिखल होता. मी धुतलेत ते बूट. फेस आला होता.'

या बाईला नऊ वर्षांपूर्वीचे बूट आठवतात. अशा बाईबरोबर माणसाने संसार कसा करावा, तूच सांग.

उत्तर पाठव.

बाबा


१९ एप्रिल

लंबू,

हे पत्र मी घरून लिहीत नाहीये. कारकुनांच्या मागच्या खोलीत आहे. एक खाट आहे, खिडकी आहे, खिडकीबाहेर त्यांची सायकल. उत्तर तू पाठवलं नाहीस ते बरं केलंस. माफी मागितली असतीस तर मी ती घेतली असती.

आता लिहितो ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

तू पास घ्यायला कचेरीत आला होतास तो दिवस तुला आठवतच असेल. साहेब दारातून आला. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान होता तो, मिशीही धड फुटली नव्हती. मला म्हणाला, 'पोरा, शाई सांडू नकोस.' मी हसलो. मी नेहमीच हसायचो. पन्नाशीच्या माणसाला कोणी पोरा म्हटलं की हसायचं, म्हणजे ती थट्टा होते, नाहीतर मग दुसरं काहीतरी होतं. पण त्या दिवशी तुझा अंगठा माझ्या हातात होता आणि तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. घरी येऊन तू म्हणालास, 'तो तुम्हाला पोरा म्हणाला आणि तुम्ही हसलात.' म्हणून ती थपड. तू चोवीस वर्षांचा. माझा हात धरून ठेवू शकला असतास. धरला नाहीस, तेही मला सहन झालं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी तुझ्या मागून आलो. हो, आलो होतो. खोलीच्या खिडकीखाली त्या चिखलात उभा राहिलो. मास्तर काही वाचत होते आणि तू मध्येच बोललास. सगळे गप्प बसून तुझं ऐकत होते. मास्तरसुद्धा. मला अभिमान वाटायला हवा होता. माझ्या मनात आलं, माझ्या मुलाचं सात माणसं ऐकतात, आणि माझं कोण ऐकतं?

शनिवारी साहेबाने आत बोलावलं. म्हणाला, 'बसा.' चोवीस वर्षं नोकरी झाली होती तेव्हा, लंबू, आणि त्या खोलीत मी कधी बसलो नव्हतो. पोरा म्हणाला नाही. 'बसा' म्हणाला. मी खुर्चीत बसलो. त्याने तुझी चौकशी केली. मुलगा हुशार दिसतो म्हणाला. मग हसत म्हणाला, 'हल्ली मुलं बापांना विचारत नाहीत. कुठे जातात, कोणाबरोबर बसतात, बापांना पत्ता नसतो.'

मी म्हटलं, 'माझ्या घरात तसं नाही. माझ्या शब्दाबाहेर पान हलत नाही.'

'असं?' तो म्हणाला. एवढंच.

मग मी सिद्ध करून दाखवलं. खोली सांगितली. वार सांगितला. किती जण ते सांगितलं. त्याने मास्तरांचं नाव विचारलंसुद्धा नव्हतं, मीच सांगितलं. मनात असं होतं की साहेब तुला बोलावून दम देईल आणि तू मुकाट्याने घरी येशील. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. सांगताना मला बरं वाटत होतं. मी पाय पसरून बसलो होतो. बाहेर आलो तेव्हा कोणी काही लिहून घेतलेलं नव्हतं, अंगठा घेतलेला नव्हता, म्हणून मी स्वतःला सांगितलं की नुसत्या गप्पा झाल्या. मंगळवारी तुला नेलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे आता. तुझ्या मामाकडे मी बोट दाखवलं ते तू 'घरातल्याच माणसाने' म्हणालास त्याच संध्याकाळी. बोट दुसरीकडे असलं की आपल्याकडे येत नाही. त्याची मुलगी अजून घरात आहे. गळ्यात मापाची पट्टी घालून गिऱ्हाइकांशी बोलते आणि मला बघितलं की आत जाते.

गुरुवारी मी दुकानात गेलो. दुपारची वेळ होती, धोबी होता, दोन बाया होत्या आणि मास्तरांची बायको ब्लाउजचं कापड घेऊन उभी होती. मी ती जाईपर्यंत थांबणार होतो. थांबलो असतो तर बोललोच नसतो. म्हणून पायरीवर उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं. खुर्चीसकट सांगितलं. आवाज फार मोठा नव्हता, पण मामाने मशीन थांबवलं होतं, तेव्हा ऐकू गेलं.

धोबी उठून गेला. मामा म्हणाला, 'मला कल्पना होती, भाऊजी. बोललो असतो तर ताईचा संसार मोडला असता.' त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा मशीन चालू केलं, पण त्याच्या हातात कापड नव्हतं.

मास्तरांच्या बायकोने कापडाची घडी घातली. मला वाटलं, आता थुंकेल. तिने विचारलं, 'खुर्ची कसली होती?'

मी म्हटलं, 'लाकडी.'

'गादी होती?'

'नव्हती.'

'बरं,' म्हणाली आणि निघून गेली.

घरी आलो तर दुकानातली बातमी माझ्याआधी पोचली होती. मी माझे दोन सदरे आणि कोट पिशवीत भरले. तुझ्या आईने कोट काढून घेतला, अस्तर उलटून बघितलं, टाके घातले आणि परत दिला. मी तिला म्हटलं, लेकाला लिही की घरी ये. मी असेपर्यंत तो यायचा नाही, म्हणून मी नसेन. तो किती दिवस राहील ते तुम्ही दोघं ठरवा.

तेव्हा तू ये. तुझ्या आईला बघ. तिचे गुडघे दुखतात, ते ती पत्रात लिहीत नसणार. तुझी खाट तिने अजून हलवलेली नाही, तुझ्या उंचीची म्हणून कोणाला देताही येत नाही. मला भेट असं मी म्हणत नाही. रस्त्यात दिसलो तर तोंड फिरवलंस तरी चालेल. मी काही वेगळा अर्थ काढणार नाही.

दारात उभं राहून मी तिला विचारलं, 'मी परत कधी येऊ?'

ती म्हणाली, 'कळवते.'